‘पान’ की ‘पाम’? युकातानच्या स्पॅनिशबद्दल लोकांना काय वाटतं हे मोजायला ‘प्रात’ कितपत कामाचं

आम्स्टरडॅम विद्यापीठातले पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचं ‘प्रात’ हे सॉफ्टवेअर ध्वनिविज्ञान शिकणाऱ्या कुणालाही नवं नाही. डच भाषेत प्रात म्हणजे ‘बोल’. फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, एकच फाईल उतरवायची आणि उघडायची. बहुतेक जण ते स्वरांची मापं घ्यायला आणि वर्णपट बघायला वापरतात. त्याच्या पोटात ऐकण्याच्या चाचण्या घेण्याची एक सोय आहे, तिच्याकडे फारसं कुणी वळत नाही. हे परीक्षण फक्त त्या सोयीचं आहे, आणि तेही एका ठरावीक कामासाठी: द्विभाषिक प्रदेशात लोकांना स्वतःच्या स्पॅनिशबद्दल मनातून काय वाटतं ते काढून घेणं. उदाहरण घेतलंय मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाचं, कारण हे साधन कुठे भारी ठरतं आणि कुठे दगा देतं, दोन्ही तिथे लख्ख दिसतं.

निकाल आधीच सांगून टाकतो: पाचपैकी साडेतीन. आवाज तयार करायला पाच, चाचणी चालवायला जेमतेम दोन.

आधी काम काय आहे ते बघू. युकातानात माया आणि स्पॅनिश शेजारी शेजारी नांदतात. 2020च्या जनगणनेनुसार मेक्सिकोत मायाभाषक साडेसात लाखांच्या वर आहेत, त्यातले पाच लाखांहून जास्त एकट्या युकातान राज्यात. तिथल्या स्पॅनिशला स्वतःचा ठसका आहे. शब्दाच्या शेवटी, विशेषतः बोलणारा थांबतो तिथे, ‘न’चा ‘म’ होतो. ‘पान’ म्हणजे पाव, त्याचं ‘पाम’, ‘युकातान’चं ‘युकाताम’. (आपला ‘पाव’ पोर्तुगीजांकडून आला, म्हणजे हे ‘पान’ त्याचं चुलत भावंडच.) दोन स्वर एकमेकांना भिडतात तिथे गळ्यात बारीकसा अडसर येतो, क-ट-प जरा फुंकर मारल्यासारखे येतात. शब्दांचं तर विचारूच नका. बेंबीला ‘तुच’, पिशवीच्या तळाशी उरलेल्या चुऱ्याला ‘शिश’, गोळी तोंडात घोळवत चोखण्याला ‘आनोलार’. ‘बुस्कार’ म्हणजे एरवी शोधणं. इथे ते सापडण्यालाही चालतं, त्यामुळे ‘नो लो बुस्को’ याचा अर्थ ‘मी शोधत नाही’ असा नसून ‘मला सापडत नाही’ असा निघतो.

आता सरळ विचारलं, की तुमची स्पॅनिश कशी आहे, तर तयार उत्तर मिळतं: ‘आपोर्रेआदो’. बडवलेली, ठेचलेली. गंमत म्हणजे हा शब्द लाजेनं म्हटला जातो तसाच लाडानंही म्हटला जातो, आणि कागदावरच्या प्रश्नावलीला त्यातला फरक कळत नाही. मायाचंही तेच. रोजच्या बोलण्यातल्या, स्पॅनिश मिसळलेल्या मायाला ‘शेएक’ म्हणतात. शेएक हे हिकामा कंद आणि संत्र्याच्या तिथल्या कोशिंबिरीचंही नाव आहे, म्हणजे सरमिसळ. ‘हाच माया’, म्हणजे खरी माया, ती कुणीतरी दुसरं, दुसऱ्या गावात बोलतं. दोन भाषा बोलणारा माणूस दोन्हींत स्वतःला कमी लेखतो. पण भाषाअभ्यासक जिम मिख्नोविच यांनी मेरिदा या युकातानच्या राजधानीत केलेल्या अभ्यासात दिसलं ते उलटं: शब्दाच्या शेवटचा ‘म’ वाढतोय, आणि वाढवणाऱ्यांत तरुण आणि बायका पुढे आहेत. युकातानी बोलीच्या इतर काही लकबी मात्र तरुणांत मागे पडताहेत. म्हणजे लाज वाटायला हवी अशी खूणच उचलून धरली जातेय. तोंडी उत्तर एक, जिभेचं वागणं दुसरं. ही फट प्रश्नावलीनं मोजता येत नाही, त्यासाठी आवाज ऐकवावे लागतात.

आवाज ऐकवण्याची ही युक्ती जुनी आहे. वॉलेस लँबर्ट आणि सहकाऱ्यांनी मॉन्ट्रियलमध्ये ती वापरली, 1960 साली छापली. तोच माणूस एकदा फ्रेंचमध्ये, एकदा इंग्रजीत ऐकवायचा, ऐकणाऱ्याला दोन वेगळी माणसं आहेत असं वाटू द्यायचं, आणि माणूस कसा वाटतो एवढंच विचारायचं. इंग्रजी ‘वेष’ वरचढ ठरला, आणि खुद्द फ्रेंच श्रोत्यांनीही त्यालाच जास्त गुण दिले. युकातानात मात्र दोन भाषा ऐकवायच्या नाहीत. एकाच स्पॅनिशच्या दोन छटा ऐकवायच्या आहेत, आणि त्याही एका व्यंजनापुरत्या. तिथेच प्रातची खरी किंमत कळते.

चार बायकांचे आवाज घ्या. प्रत्येकीच्या पस्तीस सेकंदांच्या बोलण्यात थांब्याआधी येणारे सहा ‘न’ हवेत: पान, हामोन, हाबोन, बोतोन, काहोन, काम्योन. वाचून घेऊ नका. वाचताना माणूस शाळेतली स्पॅनिश काढतो आणि ‘म’ पळून जातो. बाजाराचा नकाशा आणि वस्तूंची चित्रं समोर ठेवा आणि काय कुठे मिळतं ते समोरच्याला सांगायला लावा. तीनदा सांगायला लावा, कारण पहिल्या खेपेला सगळेच अवघडलेले असतात. विषय बिनरंगाचा ठेवा. कोचिनिता, म्हणजे तिथला डुकराच्या मटणाचा पदार्थ, कशी करतात हे सांगायला लावलं तर प्रदेश पहिल्याच वाक्यात फुटतो आणि मग ‘म’नं काही केलं की डुकराच्या मटणानं, कोण सांगणार! बाई अशी निवडा जिच्या बोलण्यात ‘न’ आणि ‘म’ दोन्ही आपसूक येतात. मेरिदात त्या सापडतात. नक्कल करणारा नट नको. तिथे प्रादेशिक विनोदी नाटकाची मोठी परंपरा आहे आणि ठासून काढलेला युकातानी हेल ऐकला की श्रोत्याला माणूस दिसत नाही, रंगमंच दिसतो.

आता शस्त्रक्रिया. एकाच बाईच्या एकाच बोलण्याच्या दोन प्रती करायच्या, एकीत सहाही जागी ‘न’, दुसरीत सहाही जागी ‘म’, बाकी सगळं केसभरही न हलता तेच. नवखा माणूस इथे फक्त अनुनासिकाचा तुकडा कापतो आणि दुसरा चिकटवतो. ऐकायला भलतंच येतं: ना धड न, ना धड म, वर एक यांत्रिक खट्ट. कारण ‘म’ची चाहूल आधीच्या स्वरातच लागते. ओठ मिटायला लागतात तशी ‘आ’ची दुसरी स्वरपट्टी (फॉर्मंट, वर्णपटात दिसणारा स्वराचा गडद पट्टा) शेवटच्या पन्नासेक मिलिसेकंदांत खाली झुकते, ‘न’च्या आधी ती तशी झुकत नाही. कान हा झुकाव वाचतो, पुढचा गुणगुणाट नंतर. म्हणून स्वराच्या मधल्या स्थिर भागातून कापा आणि स्वराचा मागचा अर्धा भाग आणि अनुनासिक असा जोडतुकडा उचला. कापताना निवडीची दोन्ही टोकं जवळच्या शून्यछेदावर (ध्वनिलहर शून्यरेषा ओलांडते तिथे) सरकवायची आज्ञा ‘सिलेक्ट’ मेनूत आहे, ती वापरली की खट्ट जातो. तुकडा त्याच बाईच्या दुसऱ्या खेपेतून घ्या आणि दोन्हींचा सूर जवळपास सारखा आहे ना ते निळ्या रेषेवर बघून घ्या. दहा-पंधरा हर्ट्झहून जास्त फरक असेल तर सांधा ऐकू येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘न’वाली प्रतसुद्धा कापून-जोडूनच बनवा. एक प्रत शस्त्रक्रियेची आणि एक अस्सल ठेवली, तर तुम्ही ‘म’बद्दलचं मत मोजत नाही, शिवणीबद्दलचं मोजता.

ही सगळी कामं प्रात इतक्या बारकाईनं करू देतं की त्याबाबत तक्रारीला जागा नाही. गळ्यातला अडसर मात्र असा बनवायला जाऊ नका. मध्ये साठ-सत्तर मिलिसेकंद शांतता घातली की अडसर होतो असं वाटतं, पण खऱ्या बोलण्यात त्याच्या दोन्ही बाजूंना आवाज किरकिरतो. नुसती शांतता म्हणजे फोनची रेंज गेल्यासारखी वाटते. तो हवा असेल तर नैसर्गिकच मिळवा. आणि थांब्याआधीच्या ‘न’चा एक तिसरा प्रकारही तिथे ऐकू येतो, जिभेच्या मुळाशी होणारा, आपल्या ‘रंग’मधल्या अनुस्वारासारखा. निवडलेल्या तुकड्यांत तो चुकून घुसला तर मापं गढूळ होतात.

तयार फाईली चाचणीत टाकण्याआधी तीन गोष्टी: सगळ्या मोनो, सगळ्यांची नमुना-वारंवारिता (सॅम्पलिंग) एकच (44100 हर्ट्झ ठेवा), आणि ‘स्केल इंटेन्सिटी’नं सगळ्यांची सरासरी पातळी 70 डेसिबल. यातल्या पहिल्या दोन चुकल्या तर चाचणी अडते. निदान कळतं तरी. तिसरी चुकली तर काहीच अडत नाही, फक्त मोठ्यानं बोलणारी बाई आत्मविश्वासू ठरते आणि तुम्ही तो गुण ‘न’ला देऊन बसता.

आता चाचणी. प्रातला ती एका साध्या मजकूर-फाईलमधून सांगायची. कुठल्या आवाजाच्या फाईली, प्रत्येक किती वेळा, कुठल्या क्रमानं, कितींनंतर विश्रांती, पडद्यावर कोणता मजकूर, आणि बटणं. बटणांच्या जागा शून्य ते एक अशा अपूर्णांकांत द्यायच्या: डावी कड, उजवी कड, खाली, वर. सहा बटणांची ओळ हवी तर सहा ओळी लिहायच्या. फाईल प्रातमध्ये उघडा, ‘रन’ दाबा, झालं. इंटरनेट लागत नाही. पेतो किंवा वायादोलिदच्या आसपासच्या खेड्यात, कुणाच्या परसात झोळीशेजारी लॅपटॉप ठेवून बसायचं असेल तर ही लहान गोष्ट नाही.

दगा इथून सुरू होतो. प्रातचा साचा स्वर ओळखण्याच्या चाचण्यांसाठी घडलाय: एक आवाज, एक प्रश्न, एक उत्तर. फार तर खाली ‘उत्तर किती चपखल’ अशी आकड्यांची दुसरी ओळ मिळते. पण कल मोजताना एका आवाजावर पाच प्रश्न असतात: शिकलेली वाटते का, भरवशाची वाटते का, गावाकडची की शहरातली, बोलणं गोड आहे का, बोलणं ‘आपोर्रेआदो’ आहे का. पाचही प्रश्न एका पडद्यावर मांडता येत नाहीत. तोच आवाज पाचदा वाजवला तर आठ आवाज (या चार बायका आणि चाल लपवायला मिसळलेले चार भरतीचे आवाज) गुणिले पाच गुणिले पस्तीस सेकंद, म्हणजे तेवीस मिनिटं वीस सेकंद नुसतं ऐकण्यात जातात, आणि तिसऱ्या खेपेला श्रोता कानातला हेडफोन काढून तुमच्याकडे बघायला लागतो.

यावर उतारा आहे, पण तो जुगाडच. पहिल्या प्रश्नाला खरा आवाज वाजवा. पुढच्या चार प्रश्नांना ०.३ सेकंदांची शांतता. शांततेची फाईल प्रातमध्येच ‘क्रिएट साउंड फ्रॉम फॉर्म्युला’नं बनते, सूत्राच्या जागी शून्य लिहायचं. प्रश्न आणि बटणांवरचे शब्द आवाजागणिक बदलता येतात: फाईलच्या नावापुढे अवतरणात मजकूर, मग उभी रेघ, मग बटणांचे शब्द उभ्या रेघांनी वेगळे केलेले. शांततेच्या फाईलीच्या मात्र बत्तीस वेगळ्या नावांच्या प्रती करा, आवाज-तीन-प्रश्न-दोन अशा. निकालाच्या तक्त्यात फाईलचं नावच येतं. एकच शांतता बत्तीस वेळा वापरली तर बत्तीस ओळींना एकच नाव लागतं आणि कुठलं उत्तर कुणाचं हे क्रमावरून मोजत बसावं लागतं. असं केलं की ऐकणं पाच मिनिटांच्या आत आणि चाळीस उत्तरं प्रत्येकी सहा सेकंदांच्या हिशेबानं चार मिनिटं. नऊ मिनिटांत माणूस मोकळा.

पण या उताऱ्याचा भुर्दंड क्रमावर पडतो. प्रातकडे क्रम फिरवायचे चांगले पर्याय आहेत. साधं पिसणं, प्रत्येक फेरीत पिसणं, लागोपाठ तोच आवाज येऊ न देता पिसणं. आपला शांततेचा जुगाड यातल्या कशालाच चालत नाही, कारण पिसलं की पहिल्या बाईच्या आवाजानंतर तिसऱ्या बाईबद्दलचा प्रश्न येणार. म्हणून न-फिरवता, यादीच्या क्रमानं वाजवायचा पर्याय निवडायचा आणि फिरवाफिरव हातानं करायची. हिशेब असा: चार बायका, प्रत्येकीच्या दोन प्रती. एका श्रोत्याला एकाच बाईच्या दोन्ही प्रती कधीच ऐकवायच्या नाहीत, तेच वाक्य दुसऱ्यांदा आलं की चाल उघडी पडते. तेव्हा यादी ‘अ’मध्ये पहिल्या दोघींचा ‘म’ आणि दुसऱ्या दोघींचा ‘न’, यादी ‘ब’मध्ये उलट. जोडीला चार भरतीचे आवाज: मेक्सिको सिटी, मोंतेर्रेय, कांपेचे आणि मेरिदाचाच एक पुरुष. आठ आवाजांचे आठ क्रम असे की प्रत्येक आवाज प्रत्येक जागी एकदा यावा. आठ गुणिले दोन, सोळा फाईली. स्प्रेडशीटमध्ये एकदा सूत्र बसवलं की पंधरा मिनिटांत निघतात. हातानं लिहायला बसाल तर नवव्या फाईलीत चूक होते आणि ती निकाल बघेपर्यंत कळत नाही. श्रोते सोळाच्या पटीत घ्या. एका गटाला अठ्ठेचाळीस, म्हणजे प्रत्येक फाईलीला तिघे.

पडद्यावरचा मजकूर लिहिताना प्रातच्या एका खोडीनं भलेभले फसतात. त्याच्या लेखी टक्क्याचं चिन्ह म्हणजे ‘पुढचं तिरकं कर’, हॅश म्हणजे ‘ठळक कर’, खालची रेघ म्हणजे ‘अक्षर खाली उतरव’ आणि टोपी म्हणजे ‘वर चढव’. सूचनेत कुठे टक्के लिहिलेत किंवा नावात खालची रेघ घातलीत तर शब्द वाकडेतिकडे दिसतात. चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ आणि मागे रिकामी जागा दिली की ते तसंच्या तसं उमटतं, पण आपल्या कामाला ही चिन्हं मुळात नकोतच, ती टाळा.

आणि निकाल आपोआप जतन होत नाहीत. चाचणी संपली, आभाराचा पडदा आला, श्रोता उठला, तुम्ही प्रात बंद केलं, की चाळीस उत्तरं हवेत. प्रत्येक श्रोत्यानंतर ‘एक्स्ट्रॅक्ट रिझल्ट्स’, मग ते तक्त्यात गोळा करणं, मग फाईल म्हणून वाचवणं, आणि नावात श्रोत्याचा क्रमांक आणि यादीचं अक्षर. हे तीन टप्पे कागदावर लिहून लॅपटॉपच्या कडेला चिकटवा. इतक्या जुन्या आणि इतक्या विचारपूर्वक वाढवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ही एक गोष्ट अजून हातानं करावी लागावी, याला माझ्याकडे तरी सबब नाही. गुण कापलेत ते मुख्यतः यासाठी.

प्रश्नांतल्या शब्दांची जबाबदारी प्रात घेत नाही, ती तुमची. आणि युकातानात तिथेच सगळ्यात जास्त पाय घसरतात. ‘एदुकादो’ हा शब्द टाळा. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ शिकलेला होतो तसा सभ्य, रीतभात असलेलाही होतो. श्रोता दुसऱ्या अर्थानं गुण देतो आणि तुम्ही पहिल्या अर्थानं वाचता. ‘कोन एस्तुदियोस’, शिक्षण घेतलेली, असं सरळ लिहा. दुसरा खड्डा ‘मेस्तिसा’. मेक्सिकोत इतरत्र मेस्तिसो म्हणजे मिश्र वंशाचा. युकातानात मेस्तिसा म्हणजे उइपिल हा भरतकामाचा पारंपरिक झगा घालणारी माया बाई, परंपरेतली. बाहेरून आणलेल्या तयार प्रश्नावलीत हा शब्द असला तर उत्तरं नेमकी उलटी येतात. ‘दे पुएब्लो’, गावाकडची, हा शब्द मात्र ठेवा. तो एकाच वेळी टोमणा आहे आणि आपुलकीही, म्हणून एकटा कामाचा नाही. पण ‘भरवशाची’च्या जोडीला ठेवला की दोन्हींचं नातं बघता येतं. ‘आपोर्रेआदो’चंही तसंच, तो शेवटच्या प्रश्नात यावा. आधी आला तर चाचणी बोलण्याबद्दल आहे हे श्रोत्याला समजतं, आणि उरलेल्या आवाजांना तो माणसासारखं न ऐकता मास्तरासारखं ऐकतो. खरं म्हणजे पहिल्याच बाईनंतर हा शब्द दिसणार, कारण पाच प्रश्न प्रत्येक आवाजाला आहेत. त्यामुळे ज्यांना हा धोका पत्करायचा नाही त्यांनी चारच प्रश्न ठेवावेत आणि ‘आपोर्रेआदो’ सगळ्या आवाजांनंतर तोंडी विचारावा.

बटणं सहा ठेवा, सात नकोत. सातात मधलं बटण येतं, आणि पाहुण्यासमोर कुणाला नावं ठेवायची नाहीत म्हणून लोक तिथेच बोट ठेवून बसतात.

समोर बसणारा कोण, यानं आकडे बदलतात. मेक्सिको सिटीकडच्या माणसाला तिथे ‘उआच’ म्हणतात, आणि तो शब्द फारसा प्रेमाचा नाही. उआचासमोर युकातानी माणूस एकतर स्वतःची बोली जरा जास्तच उचलून धरतो, नाहीतर जरा जास्तच झिडकारतो. शक्यतो मेरिदाचीच व्यक्ती चाचणी घ्यायला बसवा आणि सगळ्या श्रोत्यांना तीच असू दे. मायाभाषक गटासाठी सूचना मायात हव्यात, पण लिहून नव्हे, ध्वनिमुद्रित करून. मायाची आजची वर्णमाला 1984 साली ठरली. वयस्क लोकांची वाचायची सवय स्पॅनिशची आहे आणि पडद्यावर लिखित माया आली की त्यांना आपलीच भाषा परकी वाटते. प्रातमध्ये सूचनेसाठी वेगळा आवाज लावायची खास सोय नाही. सूचनेची फाईल पहिला ‘आवाज’ म्हणून यादीत टाकायची आणि पडद्यावर एकच बटण, ‘पुढे’.

दुसरे पर्याय? गूगल फॉर्ममध्ये आवाजाची फाईल थेट लावता येत नाही, यूट्यूबचा व्हिडिओ जोडावा लागतो. मग व्हिडिओ मागेपुढे करायची पट्टी दिसते, लोक पुढे सरकवतात, पस्तीसपैकी आठ सेकंद ऐकून गुण देतात. वर्गातल्या प्रात्यक्षिकाला ठीक, संशोधनाला नाही. सायटूलकिट फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, एका आवाजावर अनेक प्रश्न नीट मांडता येतात आणि निकाल आपोआप साठतात. शहरात, चांगल्या इंटरनेटवर, विद्यार्थ्यांकडून उत्तरं घ्यायची असतील तर चाचणी तिथेच चालवा आणि प्रात फक्त आवाज तयार करायला ठेवा. पण अशी ऑनलाइन चाचणी घेतली की श्रोते आपोआप तरुण, शहरी, स्पॅनिशच जास्त बोलणारे निवडले जातात, आणि ज्यांचं मत हवं होतं ती चाळिशीपुढची द्विभाषिक मंडळी निसटतात.

आपल्याकडेही हा संच तसाच वापरता येईल. ‘पाणी’ आणि ‘पानी’ ही जोडी कापायला ‘पान’-‘पाम’पेक्षा सोपी नाही, पण तत्त्व तेच. पुण्यातला श्रोता ‘पानी’ला काय गुण देतो हे कुणालाही न मोजता सांगता येईल. विदर्भातला श्रोता ‘भरवशाची’च्या रकान्यात काय करतो, ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

आकडे वाचताना सरासऱ्यांच्या मागे लागू नका. एका बाईला 4.1 आणि दुसरीला 3.2 आले तर तो त्या दोघींमधला फरक असू शकतो. बघायचं ते तीच बाई ‘म’सह आणि ‘न’सह किती हलते, आणि कुठल्या प्रश्नावर. समजा ‘शिकलेली’वर ती अर्धा गुण घसरली आणि ‘भरवशाची’वर अर्धा चढली. दोन्हींची बेरीज केली तर शून्य, आणि ‘काही फरक नाही’ असा निष्कर्ष निघतो. निरनिराळ्या प्रश्नांचे गुण कधीही एकत्र करायचे नाहीत; या विषयातली सगळी माहिती त्यांच्या विरुद्ध दिशांत असते. विश्लेषणात श्रोता आणि बोलणारी दोन्हींचा वेगळा हिशेब ठेवणारं मिश्र प्रतिमान लावा. बोलणाऱ्या चारच असल्यामुळे तो हिशेब डळमळीत राहतो, हे कबूल करूनच लावा. वेळ असेल तर चारच्या आठ करा, पण मग भरतीचे आवाजही वाढतात आणि नऊ मिनिटांची अठरा होतात.

आणि एक प्रश्न प्रातमध्ये विचारताच येत नाही, कारण त्यात मजकूर लिहायची जागा नाही, फक्त बटणं आहेत: ‘ही बाई कुठली असेल?’ तो कागदावर घ्या, चाचणी संपल्यावर, लक्ष्य असलेल्या चारही आवाजांचे पाच-पाच सेकंद पुन्हा ऐकवून. तेवढ्यात एक तरी ‘म’ येईल असा तुकडा निवडा. ‘म’वाली बाई कुणाला ‘इथलीच, मेरिदाची’ वाटते, कुणाला ‘पूर्वेकडच्या एखाद्या गावातली’, तर कुणाला थेट ‘माया बोलणारी’. कमी गुण तिघांनीही दिलेले असू शकतात, पण पहिल्यानं ते स्वतःच्या शहराला दिले आणि तिसऱ्यानं शेजारच्या भाषेला. हा कागद नसेल तर सोळा फाईली आणि चाळीस उत्तरं घेऊनही ते गुण नेमके कुणाला पडले हे कळत नाही.